पायरीवरचा लेफ्ट आउट

हिंद्या, गेल्या रविवारी तालमीत तुझी शोकसभा झाली. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले आणि मला त्याचाच राग आला. मगदूम अण्णांनी तुला ‘सांगलीचा डावा पाय’ म्हटलं. अण्णा हळदीचे व्यापारी, आपल्या फुटबॉल संघाचे अध्यक्ष, एरवी बोलायला उभे राहिले की सौदा पुकारल्यागत बोलतात. पण त्या दिवशी त्यांचाही आवाज मधेच बसला. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सेक्रेटरी मी, हायस्कूलचा मास्तर मी, आणि तोंड बंद ठेवायला जमत नाही म्हणून गावभर नाव झालेला तोही मीच. मी उभा राहिलो आणि एक शब्द फुटला नाही. माझं लक्ष सारखं दाराबाहेरच्या पायरीकडं जात होतं.

आपल्या तालमीची रीत तुला काय सांगायची. ज्याच्याबद्दल आत बोलणं चालू असेल त्यानं बाहेर पायरीवर बसायचं. आत यायचं नाही, कान द्यायचा नाही, आणि त्याला कुणी काही विचारायचंही नाही. माणसाच्या तोंडावर माणसाचं वजन काढू नये, एवढाच त्यातला मान. माणूस आपल्यातच राहायचा ठरला तर आतलं कुणीतरी त्याला चहाचा कप नेऊन देतं. जायचा ठरला तर अध्यक्ष स्वतः बाहेर येतात, हात धरून त्याला आत आणतात आणि तो खुंटीवरची आपली जर्सी आपल्या हातानं उतरवतो. त्या दिवशी तासभर तुझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि पायरी रिकामी होती. मी न बोलताच खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं. वाटू दिलं.

गहिवर नंतर आला. तेव्हा मला तुझ्याशी भांडायचं होतं. तुझ्या दहाव्यानंतर शालनवहिनींनी मला एक गोष्ट सांगितली होती आणि ती ऐकल्यापासून मी नुसता धुमसत होतो. कुणावर, ते अजून नीट कळलेलं नाही. कधी तुझ्यावर, बहुतेक वेळा माझ्यावर.

पल्टणीतून सुटून तू सांगलीला आलास तेव्हाचा मला आठवतोस. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात तुझं नाव आणि नंबर. कडेगावला ऊस भावांच्या हातात, घरात तू पाहुण्यासारखा, म्हणून इथं खोली घेतलीस. अण्णांनी तुला हरिपूरच्या पेवांवर मुकादम केलं. जमिनीच्या पोटातल्या त्या खोल खड्ड्यांत हळद साठवायची नि काढायची, त्यावर देखरेख. पहिल्या दिवशी ग्राउंडवर आलास आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलास. नदीकाठचा आपला तुकडा, अर्धा मुरूम, अर्धे दगड, कडेला बाभळीची खुंटं.

“मास्तर, हे ग्राउंड हाय का खाण?” म्हणालास.

मी गोली. तुला म्हटलं, खाण तर खाण, मार बघू. तू गुडघ्याला पल्टणीतली हिरवी लोकरी पट्टी गुंडाळलीस, डाव्या पायानं एक मारलास आणि बॉल माझ्या कानाजवळून गेला, तो मला दिसलाच नाही. त्या दिवसापासून तू आपला लेफ्ट आउट, डावी कडा तुझी झाली.

कॉर्नर घेताना तुझं ते नाटक. बॉल ठेवायचा, मग खाली बसायचं, बुटाची नाडी सोडायची, खडा झटकायचा, नाडी पुन्हा बांधायची. पलीकडचा गोली जागच्या जागी उड्या मारून दमायचा. पंच शिट्टी वाजवून दमायचा. “गोलीला थांबवायचं, मास्तर. थांबला की त्यो इचार कराय लागतो. इचार केला की मेला.” मी स्वतः गोली असल्यामुळं हे मला किती लागायचं, ते तुला माहीत होतं. म्हणून तर सांगायचास.

आणि मग दुष्काळ सरला त्या वर्षी ती जीप आली. साताऱ्याकडचा एक साखर कारखाना, त्यांना कामगारांचा संघ उभा करायचा होता. जीपमधून उतरलेल्या गृहस्थांनी अण्णांच्या पेढीवर बसून सांगितलं, की हिंदुराव आम्हाला द्या. दोन वर्षं खेळेल, पुढं आमच्या पोरांना शिकवील. टाइमकीपरची कायम नोकरी, राहायला क्वार्टर. त्याला सोडत असल्याचं संघाचं पत्र मिळालं की झालं. आणि संघाला काय? कारखान्याचा बुलडोझर आठ दिवस. आपलं ग्राउंड सपाट करून देणार, तळहातासारखं.

‘विकणं’ हा शब्द पहिल्यांदा मी वापरला, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या पेठेत झाला. बुलडोझरच्या बदल्यात हिंद्याला विकणार, असं म्हणत मी शाळेपासून हळद बाजारापर्यंत फिरलो. चौतिसाव्या वर्षी, ज्यानं या संघासाठी गुडघा झिजवला त्याला आपण मातीच्या भावात देणार? असं बोललं की लोक माना डोलवायचे. मला बरं वाटायचं.

त्या आठवड्यात तू तीनदा माझ्याकडं आलास. हे मी आता मोजतोय. तेव्हा मोजलं नव्हतं.

पहिल्यांदा कृष्णेच्या घाटावर, प्रॅक्टिस झाल्यावर, पाय धुताना. “मास्तर, माझं एक ऐकतोस?” मी म्हटलं, तू काही बोलू नकोस, तू फक्त खेळ, बाकी मी बघतो. आणि मग मी बघतो म्हणजे काय काय बघतो, ते तुला अंधार पडेपर्यंत सांगितलं.

दुसऱ्यांदा शाळेत, मधल्या सुट्टीत. लिंबाच्या झाडाखाली टोपी हातात घेऊन उभा होतास. मी खडूच्या हातानं बाहेर आलो आणि संघ कसा उभा राहिला, पहिला बॉल कुणी शिवला, तिथून सुरुवात केली. घंटा झाली. “ऱ्हाऊ दे,” म्हणालास, “मागनं बोलू.”

तिसऱ्यांदा शनिवारी, हॉटेलात. तू म्हणालास, “शालनची आई थकलीया. तिकडं लोणंदला कोण न्हाई बघाय.” मी म्हटलं, मग जाऊन येऊ देत की वहिनी चार दिवस, त्यात काय. तू बशीतला चहा संपवलास आणि उठलास. कारखाना लोणंदपासून सायकलच्या टप्प्यात होता, हे मला माहीत होतं रे. नकाशे शिकवतो मी पोरांना. पण डोक्यात रविवारचं भाषण तयार होत होतं, तिथं दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

रविवारी सकाळी तू पायरीवर बसलास आणि आत आमची जुंपली.

अण्णांनी शांतपणे मांडलं. “मास्तर, हिंदुराव चौतीसचा. गुडघ्याला पट्टी. दोन वर्सांनी त्येला कोण इचारनार? आज इचारत्यात, तर त्येचंबी कल्याण हुईल आन् आपलंबी. ग्राउंड सपाट झालं तर आपल्या मागची पोरं खेळतील.”

मी म्हटलं, “आणि पुढच्या वर्षी माझ्या बदल्यात काय घेणार? रोलर?” लोक हसले. हसले की मला चेव येतो, तुला ठाऊक आहे. मी पुढं म्हणालो, “अण्णा, तो माणूस आहे. तुमच्या पेवातलं हळदीचं पोतं नाही, भाव आला की काढायला.”

अण्णा जैन गृहस्थ, आयुष्यात कुणाला वाकडा शब्द न बोललेले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत बसले. मला माझं वाक्य फार आवडलं होतं.

तेवढ्यात सलीम उठला. आपला फुलबॅक, तेव्हा संघात नवीनच, मिसरूड फुटलेलं. म्हणाला, “त्येंना तरी इचारा की कुनीतरी. भाईरच तर बसल्यात.”

मी त्याच्यावर असा डाफरलो की बिचारा मटकन खाली बसला. “रीत माहीत नाही तुला? पायरीवरच्या माणसाला विचारतात का?” सगळ्यांनी माझीच री ओढली. त्या सकाळी त्या खोलीत एकानंच शहाणपणाची गोष्ट केली आणि त्याला मी रीत शिकवली.

हात वर झाले. दोन्हीकडं सारखे. सेक्रेटरी शेवटी हात करतो. मी केला. तू राहिलास.

चहाचा कप मीच घेतला, दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही. बाहेर आलो. तू पायरीवर पाय लांब करून बसला होतास, पट्टी सोडून गुंडाळत. मी कप पुढं केला. तू दोन्ही हातांनी घेतलास.

“झालं व्हय?”

“झालं. तुला कोण हलवतंय बघू.”

“किती हातांनं?”

“एका.”

“कुणाच्या?”

“माझ्या,” मी छाती पुढं काढून म्हणालो.

तू जरा वेळ कपातच बघत राहिलास. मग म्हणालास, “मास्तर, तू लय चांगला मानूस हायस.” बस्स, एवढंच. ते वाक्य मी सहा वर्षं मेडलासारखं छातीवर लावून फिरलो. मी परत आत गेलो, पाठ थोपटून घेतली, बाहेर आलो तर तू गेला होतास. कप पायरीवर तसाच, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. मी म्हटलं, आनंदात विसरला.

दुपारी तुझ्या खोलीवर आलो. खोलीच्या मधोमध ती काळी ट्रंक, दोरीनं आवळलेली. मी तिच्यावरच बसलो आणि तासभर सकाळची सभा तुला नि वहिनींना ऐकवली. कोण काय म्हणालं, मी काय म्हणालो. वहिनी पाठमोऱ्या बसून पीठ मळत होत्या. दाराशी एरवी तुमची शेळी असायची, ती दिसेना. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, “दिली शेजारी.” का, तर “दूध देत न्हवती.” मी म्हटलं, बरं केलं. आणि परत रोलरच्या विनोदावर आलो. तू हसलास. पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसलास, लेका.

पुढच्या मोसमात साताऱ्याला सेमीफायनल, नेमकी त्याच कारखान्याच्या संघाशी. तुझा गुडघा गेला ती वेळ मला विसरता येत नाही. बॉल घेऊन कडेनं निघालास, आत वळलास, आणि कुणी हात न लावता बसलास. गोल सोडून मी पळत आलो. तू जमिनीवर पडलेला, ओठ दाताखाली धरून. आणि बाजूच्या खुर्चीवरून तो जीपवाला गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, “बरं झालं, आमच्या गळ्यात पडला न्हाई.” मी त्याच्या अंगावर निघालो होतो. तू खालून माझी बाही धरलीस. “मास्तर, गप.” एवढंच म्हणालास. जन्मात पहिल्यांदा मी तुझं ऐकलं असेन.

त्या गुडघ्यानंतर खेळ संपला. पेवांवरचं काम राहिलं. उभं राहवत नाही म्हणून पोत्यावर बसून मुकादमी करायचास, अंगभर हळदीची पूड. पण रविवार चुकवला नाहीस. लंगडत ग्राउंडवर यायचास, कडेनं एकेक दगड उचलून नदीच्या बाजूला टाकायचास. मी म्हटलं, पुरे की आता. म्हणालास, “आठ दिवसाचा बुलडोझर मीच हाय, मास्तर. जरा सावकाश चालतो.” आपण दोघंही हसलो होतो. पाच वर्षं दगड वेचलेस. काल जाऊन बघितलं. डावी कडा कॉर्नरपासून अर्ध्या रेषेपर्यंत सपाट झालीय. उजवीकडं अजून खाणच आहे.

हे सगळं असताना तुझ्याकडून मला काय मिळालं ते सांगायचं राहूनच गेलं, आता कुणाला सांगू. माझी बायको आजारी होती त्या महिन्यात रोज पहाटे माझ्या दारात दुधाची चरवी ठेवून जायचास आणि विचारलं की म्हणायचास, गवळी असंल. मी हरलेल्या मॅचनंतर बडबडत बसायचो तेव्हा तू एकटाच शेवटपर्यंत बसायचास, बाकीचे सायकलला टांग मारून पळायचे. तुझ्याइतकं माझं कुणी ऐकून घेतलं नाही. त्याची परतफेड मी कशी केली, तेच तर लिहितोय.

तू गेलास तेही त्या पोत्यावरच, सकाळच्या वेळी, छातीत कळ येऊन. पेवाचं तोंड उघडून ठेवलं होतंस, आत कोंडलेली हवा निघून जायची वाट बघत बसला होतास. गड्यांना वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणतात, हृदय दुबळं होतं, कुठंही असतास तरी थांबलंच असतं. असेल. डॉक्टर शहाणा माणूस आहे. मला त्यानं झोप येत नाही.

दहाव्यानंतर वहिनींकडं गेलो होतो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, “भाऊजी, एक इचारू? त्या वक्ताला तुमी हात का वर केलासा?”

“कोणत्या वक्ताला?”

“कारखान्याच्या.”

मी म्हटलं, “वहिनी, त्याला जायचं नव्हतं.”

“कुनी सांगितलं तुमाला?”

मी तोंड उघडलं आणि मला कुणाचं नाव घेता येईना. कुणीच सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, निवडायला घेतलेल्या धान्यातून खडे काढावेत तसं एकेक. त्या सभेच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही दोघं लोणंदला गेला होतात. पेवांवर तू सांगितलं होतंस, सासूला बघाय चाललोय. सासूला बघितलंतच, पण क्वार्टरही बघून आलात. “खोलीत नळ हुता, भाऊजी. घराच्या आत. मी दोनदा सोडून बघितला. ह्ये म्हनले, बास, पानी वाया जातंय.” परत येऊन तुम्ही ट्रंक भरलीत. शेळी शेजारणीला दिलीत. दूध चांगलं देणारी ती शेळी शेजारणीनं अजून सांभाळलीय, वहिनींनी तिच्या अंगणात दाखवलीसुद्धा मला. “तुमी ट्रंकेवर बसला हुतासा. मी म्हनलं, भाऊजी उठतील तवा दोर सोडीन. पर तुमी उठंनाच.”

मी म्हटलं, “त्यानं मला का नाही सांगितलं?”

“त्या दिशी सांगणारच हुते. पर म्हनले, मास्तरानं माझ्यापायी सगळ्या गावाशी वाकडं घेतलं, अण्णांना दुखावलं. आता त्येला कसं सांगू, की मला जायाचं हुतं. त्येचं तोंड बघवायचं न्हाई.” मग म्हणाल्या, “मी तुमाला बोल लावत न्हाई. पर आई गेली तवा मी पोचले न्हाई. एवढं मनात हाय.”

मी उठलो. चप्पल घालायला विसरून कोपऱ्यापर्यंत गेलो.

आता तुझ्याशी भांडतो. तू बोलायचं होतंस, हिंद्या. तीनदा आलास, चौथ्यांदा का नाही आलास? माझ्या थोबाडीत मारायची होतीस. पल्टणीत असताना तुला कुणी असं बोलू दिलं नसतं तर तू काय गप्प बसला असतास? खोलीत नळ पाहिजे, बायकोला आईजवळ राहायचंय, गुडघा साथ देत नाही. ही तीन वाक्यं. मी काय वाघ होतो? कप हातात आला तेव्हा तरी म्हणायचं होतंस, मास्तर, हा चहा परत ने. मी नेला असता.

नेला असता का? हेच मला छळतं. तू पायरीवर बसून ‘मला जायचंय’ म्हणाला असतास तर मी तुला समजावत बसलो असतो, संध्याकाळपर्यंत. कारण खरी गोष्ट अशी आहे, की विकणं, मान, माणूस म्हणजे पोतं नव्हे, हे सगळं मी नंतर जमवलं. आधी एवढंच होतं, की तू जाऊ नयेस. घाटावर पाय धुताना माझ्या शेजारी तू असावास. अण्णांना ग्राउंड पाहिजे होतं, निदान ते उघड सांगत होते. मला तू पाहिजे होतास आणि मी त्याला तत्त्व म्हणत होतो. अण्णांची मी माफी मागितली. ते म्हणाले, “कशाची?” विसरलेत, किंवा विसरले असं म्हणाले.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगतो.

आज सकाळी तालमीत पुन्हा सभा होती. सलीमची. तोच, आपला फुलबॅक. आता त्याच्याही पोटऱ्यांत गोळे येतात. इचलकरंजीच्या एका मिलनं त्याला मागितलंय, बदल्यात संघाला गोलच्या जाळ्या आणि नव्या जर्सी. पेठेत आठवडाभर ‘विकणं’ चाललंच होतं. माझा शब्द, अजून टिकून आहे. लोक माझ्याकडं बघत होते, की मास्तर आता काय बोलतात. सलीम आला, कुणाशी काही न बोलता पायरीवर बसला. तुझ्याच जागी. सहा वर्षांपूर्वी ज्यानं ‘त्येंना तरी इचारा’ म्हटलं तो स्वतः रीतीनं गपगुमान बसला होता.

आत चहा आला. माझा कप माझ्या हातात आला. अण्णांनी बोलायला सुरुवात केली आणि मला बसवेना. मी उठलो, तसाच कप घेऊन बाहेर गेलो.

सलीमनं मान वर केली. त्याची नजर माझ्या तोंडावर गेली नाही, हातातल्या कपावर गेली. आणि त्याचा चेहरा पडला. हिंद्या, मी उभ्या उभ्या बघितला, कसा पडला ते. क्षणात सावरला, हसलाही, हात पुढं केला कप घ्यायला. तुझाही असाच पडला असणार. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि बघितला नाही, मी बोलत होतो.

“हा माझा आहे,” मी म्हटलं. “अजून काही ठरलं नाही.” कप बाजूला ठेवला आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. “सलीम, तुला जायचंय का?”

त्यानं इकडं तिकडं बघितलं. पायरीवरच्या माणसाला कुणी विचारत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. मग म्हणाला, “तुमी काय म्हनतासा, मास्तर?”

बघ आता. विचारलं तरी हे. तूही हेच म्हणाला असतास. आणि मला काय म्हणायचं होतं ते माझ्या जिभेवर तयार होतं, सगळं, पहिला बॉल कुणी शिवला तिथपासून. सलीम गेला तर आपली बचाव फळी मोडते. तू गेलास, आता हाही जाणार. तोंड उघडलं होतं मी. तुझी शपथ, उघडलं होतं. मग मिटलं.

गप्प बसणं काय असतं ते मला या वयात कळलं. आतून कुणीतरी हाक मारली, “मास्तर, आत या की.” मी हललो नाही. रस्त्यानं एक बैलगाडी गेली, ती वळेपर्यंत दोघंही तिच्याकडं बघत होतो. सलीमनं बोटांनी पायरीवरची माती उकरली. मला वाटलं, हा काही बोलत नाही, आपणच बोलावं. नाही बोललो. तू कॉर्नरला नाडी बांधायचास तेवढा वेळ, त्याच्या दुप्पट, तिप्पट.

“जायाचं हाय,” सलीम म्हणाला. अगदी हळू.

मी उठून आत गेलो. म्हटलं, “अण्णा, त्याला जायचंय. मी विचारलं त्याला.”

तालमीत कुजबूज झाली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “रीत मोडलीस, मास्तर.”

“मोडली.”

अण्णा हात वर करा असं म्हणाले नाहीत. टोपी घातली, गुडघ्यावर हात देऊन उठले, बाहेर आले आणि सलीमचा हात धरला. सलीमनं आत जाऊन आपली जर्सी उतरवली. तिच्या शेजारच्या खुंटीवर तुझी आहे. ती कुणी उतरवली नाही, उतरवायचा तो आता येणार नाही.

सगळे आत होते. मी पायरीवर एकटाच बसलो. माझा कप तिथंच होता, गारढोण, वर साय धरलेली. तुझा त्या दिवशी असाच राहिला होता. मी तो उचलला आणि सगळा प्यालो.